खडकांच्या वहीतली गहाळ पाने

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिनबर्ग शहरापासून काही अंतरावर, सिकार पॉइंट नावाचे एक लहानसे भूशिर आहे. १७८८ साली तीन माणसे होडीत बसून कड्याच्या कडेकडेने तिथे पोहोचली. त्यांतील सर्वांत वयस्कर होते जेम्स हटन, वय ६२. सोबत गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि तरुण रसायनशास्त्रज्ञ सर जेम्स हॉल. लाटांनी धुऊन स्वच्छ केलेल्या त्या खडकात त्यांनी जे पाहिले, त्यामुळे पृथ्वीच्या वयाबद्दलची माणसाची कल्पना पुढे कायमची बदलली.

दिसायला ते दृश्य साधे होते. खाली करड्या रंगाच्या खडकाचे थर जवळजवळ उभे, कपाटात पुस्तके लावावीत तसे. त्यांच्या डोक्यावर तांबूस वालुकाश्माचे थर, थोडे कललेले पण बहुतांशी आडवे, उभ्या पुस्तकांवर कुणी वर्तमानपत्रांची चळत ठेवावी तसे. दोन्हींच्या मध्ये एक उंचसखल रेषा. त्या रेषेला भूशास्त्रात विसंगती म्हणतात. इंग्रजी शब्द अनकन्फॉर्मिटी. वरचा थर आणि खालचा थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण दोघांच्या जन्मात फार मोठे अंतर असते. मधला काळ खडकांत नोंदलेलाच नसतो.

हटन हे मुळात वैद्यकाचे पदवीधर. एडिनबर्ग आणि पॅरिसमध्ये शिकून १७४९ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठातून त्यांनी एम.डी. मिळवली, प्रबंधाचा विषय होता रक्ताभिसरण. दवाखाना मात्र त्यांनी कधी थाटला नाही. वडिलोपार्जित शेतीवर ते राहायला गेले आणि तिथेच त्यांना एक प्रश्न पडला. प्रत्येक पावसात शेतातली माती ओढ्यात जाते, ओढा नदीला आणि नदी समुद्राला मिळते. हे असेच चालू राहिले, तर एक दिवस सगळी जमीन समुद्रात जाईल. मग अजून जमीन शिल्लक कशी? याचा अर्थ, नवी जमीन घडवणारी यंत्रणाही कुठेतरी काम करत असली पाहिजे.

थर कसे साचतात

नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. जड वाळू आधी, हलका चिखल नंतर, किनाऱ्यापासून आणखी दूर. वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातो. वरच्या वजनाने खालचा गाळ दाबला जातो, त्यातले पाणी निघून जाते आणि पाण्यात विरघळलेली खनिजे कणांना सिमेंटसारखी जोडतात. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल, शिंपल्यांच्या चुऱ्याचा चुनखडक.

या थरांचा पहिला नियम सांगणारा माणूसही वैद्यकातलाच. डेन्मार्कचे निकोलस स्टेनो हे निष्णात शरीररचनाशास्त्रज्ञ होते. गालगुंड झाल्यावर कानाजवळची जी लाळग्रंथी सुजते, तिची लाळ तोंडात आणणारी नलिका आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. इटलीत असताना त्यांच्याकडे एका मोठ्या शार्क माशाचे डोके विच्छेदनासाठी आले. त्याचे दात पाहून, डोंगरात सापडणारे तसल्याच आकाराचे दगड म्हणजे प्राचीन शार्कचे दात आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. १६६९ साली त्यांनी मांडले की गाळाचे थर साचताना आडवे असतात आणि खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. आज कुणी म्हणेल, यात काय विशेष? पण या दोन वाक्यांतून पुढचे सगळे निष्कर्ष निघतात. थर आडवेच साचत असतील, तर सिकार पॉइंटचे उभे थर नंतर कधीतरी उभे केले गेले असणार.

विसंगती घडण्याचे चार टप्पे

सिकार पॉइंटच्या त्या रेषेचा जन्म समजून घ्यायचा, तर चार घटना एकामागून एक ठेवाव्या लागतात.

पहिली घटना म्हणजे गाळ साचणे. सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे खोल समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू आणि चिखल साचून करडा खडक तयार झाला.

दुसरी घटना म्हणजे उचल. पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, म्हणजेच भूपट्ट, वर्षाला काही सेंटीमीटर या वेगाने सरकत असतात. साधारण आपली नखे वाढतात तेवढाच हा वेग. दोन भूखंड जवळ येत गेले, मधला समुद्र मिटला आणि तळाचे थर चेपले जाऊन चादरीसारख्या त्यांच्या घड्या पडल्या. घडी घट्ट झाली की तिच्या बाजू उभ्या होतात. थर उभे राहिले आणि समुद्राच्या जागी डोंगर उभे राहिले.

तिसरी घटना म्हणजे झीज. डोंगर वर येताच पाऊस, वारा आणि नद्या त्याला कोरू लागतात. वेग अगदी नगण्य वाटतो. समजा, दहा वर्षांत एक मिलिमीटर. एका माणसाच्या आयुष्यात ते कळणारही नाही. पण या हिशेबाने एक कोटी वर्षांत एक किलोमीटर उंचीचा खडक नाहीसा होतो. सिकार पॉइंटला घड्यांचे माथे असेच झिजून गेले आणि उभ्या थरांची कापलेली टोके उघडी पडली.

चौथी घटना म्हणजे पुन्हा गाळ साचणे. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी त्या झिजलेल्या जमिनीवर नद्यांनी वाळू आणून टाकली. वाळूतल्या लोहाच्या गंजाने तिला तांबूस रंग आला. या वालुकाश्माच्या तळाशी खालच्याच करड्या खडकाचे तुटके तुकडे अडकलेले आहेत. हटन यांच्या दृष्टीने हा निर्णायक पुरावा होता. वरचा थर घडत असताना खालचा खडक पूर्ण टणक झालेला होता, उघडा पडलेला होता आणि तुटतही होता. आजीच्या पेटीतली साडी फाडून नातीची गोधडी शिवावी, तसे जुन्या खडकाचे तुकडे नव्या खडकात दिसतात. कोण आधी आणि कोण नंतर, यात शंका उरत नाही.

दोन्ही खडकांच्या वयांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर आहे. डायनासोर नष्ट झाल्यापासून आजपर्यंत साधारण तेवढाच काळ गेला आहे. हा एवढा काळ त्या एका रेषेत सामावलेला आहे. हटन यांना हे आकडे माहीत नव्हते. खडकांचे वय मोजण्याचे तंत्र तेव्हा नव्हतेच. पण चारही घटनांना लागणारा वेळ आठवून प्लेफेअर यांना कड्याच्या टोकावरून खोल दरीत डोकावल्यासारखी भोवळ वाटली होती. पुढे त्यांनी तसे लिहूनही ठेवले.

पणाला काय लागले होते

त्या काळी युरोपातील बहुसंख्य सुशिक्षित लोक पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानत. आयर्लंडच्या एका आर्चबिशपने सतराव्या शतकात धर्मग्रंथातील वंशावळींवरून इसवी सनपूर्व ४००४ हे निर्मितीचे वर्ष काढले होते. १७८५ साली हटन यांनी आपला सिद्धान्त एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. पहिल्या बैठकीला ते आजारी होते, म्हणून निबंध वाचला त्यांचे मित्र, डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी. सिद्धान्त झाला, पण पुरावा हवा होता. साठी जवळ आलेला हा माणूस मग घोड्यावरून आणि होडीतून स्कॉटलंड पालथा घालू लागला. १७८७ साली ॲरन बेटावर आणि जेडबर्ग गावाजवळ त्यांना विसंगती सापडल्या. पुढच्या वर्षी सिकार पॉइंटला ती सर्वांत स्पष्ट दिसली.

टीका झालीच. १७९३ साली आयर्लंडचे विद्वान रिचर्ड कर्वान यांनी हटन यांच्या विचारांवर नास्तिकतेचा ठपका ठेवला. त्या काळात हा आरोप साधा नव्हता. हटन स्वतः ईश्वर मानणारे होते. निसर्गाची ही व्यवस्था त्यांना ईश्वराच्या शहाणपणाचीच खूण वाटे. एव्हाना त्यांचे शरीर साथ देत नव्हते. १७९१ साली लघवी अडकल्यामुळे त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. भूल देण्याचे औषध वापरात यायला तेव्हा अजून अर्धशतक बाकी होते. पुढे मूत्राशयातील खड्यांनी त्यांना जेरीस आणले. अशा अवस्थेत त्यांनी आपल्या ग्रंथाचे दोन जाडजूड खंड पूर्ण केले आणि ते १७९५ साली प्रसिद्ध झाले. २६ मार्च १७९७ रोजी त्यांचे निधन झाले. भाषा इतकी बोजड होती, की तो ग्रंथ फार थोड्यांनी वाचला. मित्राचे म्हणणे वाया जाऊ नये म्हणून प्लेफेअर यांनी १८०२ साली तेच विचार सोप्या, प्रवाही शैलीत पुन्हा लिहिले. चार्ल्स लायेल यांनी ते पुढे नेले आणि लायेल यांच्या ग्रंथाचा पहिला खंड घेऊन चार्ल्स डार्विन १८३१ साली बीगल जहाजावर चढले. उत्क्रांतीला जो अफाट वेळ लागतो, तो डार्विन यांना या परंपरेतून मिळाला.

रेषा नेहमी ठळक नसते

सिकार पॉइंटसारखी विसंगती, जिथे वरचे आणि खालचे थर एकमेकांशी कोन करतात, ती ओळखायला सोपी. तिला कोनीय विसंगती म्हणतात. पण तिची भावंडेही आहेत.

कधी जमीन न कलता सरळ वर येते किंवा समुद्राचे पाणी खाली जाते. थर आडवेच राहतात, पण गाळ साचणे थांबते आणि झीज सुरू होते. नंतर पाणी परत आले की नवा थरही आडवाच साचतो. वर आडवे, खाली आडवे, मध्ये झिजलेला, खाचखळगे असलेला पृष्ठभाग. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, इतके पाणी बर्फात अडकले होते, की जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. किनाऱ्यालगतचा मोठा समुद्रतळ तेव्हा कोरडी जमीन होता.

कधी खालचा खडक थरांचा नसतोच. तो ग्रॅनाइट किंवा पट्टिताश्म असतो, म्हणजे जमिनीखाली काही किलोमीटर खोल घडलेला खडक. त्याच्या अंगावर थेट समुद्रकाठची वाळू बसलेली दिसली, तर मधल्या काळात त्यावरचा किलोमीटरगणिक खडक झिजून गेला असला पाहिजे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या तळाशी अशी जगप्रसिद्ध विसंगती आहे. जॉन वेस्ली पॉवेल १८६९ साली त्या नदीतून होड्यांनी गेले. त्यांच्यानंतर अनेक पिढ्या तिचा अभ्यास करत आहेत. काही ठिकाणी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकावर ५० कोटींच्या आसपास वयाचा वालुकाश्म बसला आहे. मधली शंभर कोटींहून अधिक वर्षे गायब. एवढा खडक कशाने झिजला, अवाढव्य हिमनद्यांनी की जुना महाखंड उचलला जाऊन फुटताना, यावर आजही वाद चालू आहे.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे थर एकसारखे, रेषाही सपाट, वरकरणी काहीच घडलेले नाही. फक्त खालच्या थरातले जीवाश्म एका काळातले आणि वरच्या थरातले लाखो वर्षांनंतरचे. तिथे जीवाश्मच पुरावा देतात. हल्ली त्याला झिरकॉन खनिजाच्या बारीक कणांची जोड मिळाली आहे. त्यातले युरेनियम ठरावीक वेगाने शिशात बदलते आणि ते प्रमाण मोजून स्फटिकाचे वय काढता येते.

डोंगरातली प्रत्येक विजोड रेषा विसंगतीच असते असे मात्र नाही. खडक तुटून सरकल्यामुळेही वेगळे थर शेजारी येतात. त्याला विभंग म्हणतात. विभंगाच्या पृष्ठभागावर घासल्याचे ओरखडे आणि भरडलेला चुरा असतो. विसंगतीवर जुन्या मातीच्या खुणा आणि खालच्या खडकाचे गोटे असतात. डॉक्टर जसा सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांत लक्षणांवरून फरक करतो, तसेच हेही निदान आहे.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. हा गाळाचा खडक नाही, पण सह्याद्रीतल्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांत काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टे दिसतात. एक लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याच्या वरच्या भागाची माती होऊ लागली आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्यावर पसरला. तो लाल पट्टा म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली विश्रांती.

विदर्भात हा बेसॉल्ट संपतो तिथे त्याच्या खालचे जग डोकावते. नागपूरच्या परिसरात शंभर कोटी वर्षांहून जुने पट्टिताश्म आहेत आणि त्यांच्यावर काही ठिकाणी लॅमेटा नावाचे गाळाचे पातळ थर व त्यावर बेसॉल्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा गावाजवळ याच लॅमेटा थरांत डायनासोरची हाडे मिळाली. वर्धा नदीच्या खोऱ्यात बेसॉल्टच्या खाली कोट्यवधी वर्षे जुने, दगडी कोळसा असलेले खडक झाकलेले आहेत. त्यांच्या मध्येही विसंगती आहे. बेसॉल्ट येण्यापूर्वी खालचा खडक कुठे किती झिजला, यावर त्याखाली काय उरले आहे हे ठरते. त्यामुळे खाण शोधणाऱ्याला वरचा दगड पाहून भागत नाही, ती दडलेली जुनी जमीन समजून घ्यावी लागते. कर्नाटकात बदामीची लेणी ज्या लाल वालुकाश्मात कोरली आहेत, तो वालुकाश्मही त्या भागात काही ठिकाणी घड्या पडलेल्या जुन्या थरांवर बसलेला आहे. म्हणजे सिकार पॉइंटची गोष्ट तिथेही घडली आहे.

मुंबईत तर विसंगती गोदीच्या कामात सापडली. १८७०च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना समुद्राच्या चिखलाखाली झाडांची खोडे मिळाली, त्यांतली कित्येक मुळांसकट जागेवर उभी होती. एके काळी तिथे कोरडी जमीन आणि रान होते. नंतर समुद्र वर आला आणि चिखलाने ते झाकले. खाली सहा कोटी वर्षांहून जुना कातळ आणि वर काही हजार वर्षांचा चिखल. मधली सगळी वर्षे त्या सीमेत हरवली आहेत.

या सीमांचा रोजच्या जगण्याशीही संबंध येतो. जुनी उघडी पडलेली जमीन ऊन-पावसाने सच्छिद्र आणि ठिसूळ झालेली असते. पुढे गाडली गेली तरी तिचा तो गुण पुष्कळदा टिकतो. अशा पातळीवर पाणी साठते आणि वाहते. विहीर खोदणाऱ्याला ती वरदान ठरू शकते, तर धरणाचा पाया किंवा बोगदा खोदणाऱ्याला डोकेदुखी. कलत्या वालुकाश्माची टोके झिजून त्यावर अभेद्य थर बसला, तर खालून वर येणारे खनिज तेल तिथेच अडकते. अमेरिकेतील टेक्सास राज्यातले १९३० साली सापडलेले ईस्ट टेक्सास हे प्रचंड तेलक्षेत्र अशाच विसंगतीखाली अडकलेले होते.

न लिहिलेले वाचणे

रुग्णाच्या जुन्या फायलीत २०१० नंतर एकदम २०१८ चा कागद दिसला, तर कोणताही जाणता डॉक्टर मधली आठ वर्षे रुग्ण ठणठणीत होता असे गृहीत धरत नाही. तो नवा व्रण पाहतो, जडलेली सवय पाहतो, वाढलेले हृदय पाहतो आणि मधल्या काळात काय झाले असेल याचा अंदाज बांधतो. भूशास्त्रज्ञाची रीत तीच आहे. डार्विन यांनीही आपल्या ग्रंथात खडकांची नोंद किती अपुरी आहे, यासाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले. एखादा प्राणी एका थरात आहे आणि वरच्या थरात नाही, एवढ्यावरून तो एका रात्रीत नष्ट झाला असे म्हणता येत नाही. कदाचित मधली पानेच झिजून गेली असतील.

विसंगती ही केवळ जुनी गोष्टही नाही. जिथे जिथे आज उघडी जमीन झिजत आहे, तिथे ती घडत आहे. कोकणातला जांभा, सह्याद्रीचे कडे, देशावरचे माळ या सगळ्यांवरून पावसाळ्यात गढूळ पाणी वाहते आणि त्या पाण्यासोबत खडकाच्या नोंदी वाहून जातात. उद्या कधीतरी, काही कोटी वर्षांनी, ही जमीन खचून तिच्यावर समुद्राची वाळू बसली, तर आजचा हा सारा काळ, शेते, रस्ते आणि गावांसह, एका उंचसखल रेषेत मावून जाईल.